दोन देश आणि एक स्टूल

माणसाने कुणाचं भलं करू नये असं माझं म्हणणं नाही. जरूर करावं. पण लेखी करू नये. तोंडी केलेलं भलं फार तर लोक विसरतात. लेखी केलेल्या भल्यावर शेरे येतात. हे शहाणपण मला आमच्या कचेरीच्या लिफ्टमध्ये एक साधं स्टूल ठेवायला गेलो तेव्हा आलं, आणि तोवर एका माणसाची नोकरी माझ्या हातून जवळजवळ गेलेली होती.

मी श्रम खात्यात 'आंतरराष्ट्रीय श्रम व सामाजिक धोरण संवाद कक्षा'त काम करतो. नाव दारावर मावलं नाही म्हणून पाटी शेजारच्या भिंतीवर लावली आहे, त्यामुळे नवखे लोक भिंतीवर टकटक करतात. कक्षात मी, एक टायपिस्टबाई आणि एक न उघडणारं कपाट, एवढेच आहोत. संवाद चालतो तो असा: दुसऱ्या एखाद्या देशाचं श्रम खातं आम्हाला कळवतं की तुमच्याकडच्या कामगारांविषयी आम्हाला काळजी वाटते. आम्ही उलट टपाली कळवतो की आम्हालाही तुमच्याकडच्यांविषयी अगदी तशीच वाटते. दोन्हीकडची काळजी जुळली की शिष्टमंडळ येतं, फोटो निघतात, संयुक्त निवेदन निघतं. मग सगळे नव्या काळजीच्या शोधात लागतात.

या खेपेच्या पाहुण्यांनी निवेदनाचा मसुदा आधीच पाठवला होता. त्यातल्या एका कलमात म्हटलं होतं, की दिवसभर उभ्याने काम करणाऱ्या प्रत्येक कामगारासाठी बसण्याची सोय असेल आणि अधूनमधून बसणं हा त्याचा हक्क मानला जाईल. कलम निरुपद्रवी होतं. बसण्याला आमच्या खात्याचा विरोध असण्याचं काही कारणच नाही. आम्ही बसूनच असतो.

हा मसुदा चाळत मोठे साहेब आणि मी लिफ्टमध्ये शिरलो. आमचे लिफ्टमामा नेहमीप्रमाणे कोपऱ्यात उभे होते. कडक इस्त्रीचा गणवेश, चापून बसवलेले केस, पेन्शन अगदी तोंडाशी आलेली. मामा प्रत्येक मजला असा पुकारतात की उतरणाऱ्याला आपण काहीतरी कमावून इथवर पोचलो असं वाटावं. मात्र दोन मजल्यांच्या मधे ते बगळ्यासारखे एका पायावरचं वजन दुसऱ्या पायावर घेतात. साहेबांची नजर मसुद्यावरून त्या पायांवर गेली.

"यांना बसायला काही आहे का हो?" त्यांनी मला विचारलं.

"आहे ना साहेब," मामाच म्हणाले, "घरी आहे."

"पाहुणे ह्याच लिफ्टने वर येणार. आपणच बसवलेलं नाही म्हणजे काय दिसेल? एक स्टूल बघा."

नोकरीत नवीन असणाऱ्यांसाठी सांगतो. साहेबांनी 'करा' म्हटलं तर जबाबदारी साहेबांची असते. 'बघा' म्हटलं की ती आपली होते. मी वर जाऊन टायपिस्टबाईंकडून चार ओळींचा प्रस्ताव टाइप करून घेतला: लिफ्टचालकास बसण्यासाठी एक स्टूल मिळावे. बाईंनी कागद यंत्रातून ओढून काढताना विचारलंही, "सरळ माझ्या टेबलाखालचं का नेत नाही? मी त्याच्यावर पर्स ठेवते फक्त." मी हसलो. पद्धत म्हणून काही असते, असं काहीतरी बोललो. आज ते आठवलं की मीच मला एक कडक मेमो द्यावा असं वाटतं.

प्रस्ताव भांडारात गेला. भांडारपाल म्हणजे आमच्या खात्यातला सर्वांत सुखी माणूस. त्याच्याकडे काहीही मागितलं की तो आधी 'शिल्लक नाही' म्हणतो आणि मग काय हवंय ते विचारतो. त्याने शेरा मारला: लिफ्ट ही बांधकाम शाखेची जागा आहे, बांधकाम शाखेच्या जागेत भांडाराचं सामान ठेवता येत नाही. प्रस्ताव बांधकाम शाखेत गेला. तिथे कुणीतरी फार हुशार माणूस बसलेला असावा. त्याने लिहिलं: 'सदर लिफ्ट स्वयंचलित असून ती चालवण्यास चालकाची आवश्यकता नाही. तरी स्टुलावर बसणार कोण, याचा खुलासा व्हावा.'

आता, हे खरं होतं. जुनी दांड्याची लिफ्ट काढून बटणांची बसवली त्याला कैक वर्षं झाली होती. लिफ्ट बदलल्याचा हुकूम निघाला, मामांबद्दल काही निघाला नाही; म्हणून मामा राहिले. आम्ही आत शिरून मजला सांगायचो आणि मामा बटण दाबायचे. बोटं आपल्यालाही आहेत ही गोष्ट एवढ्या काळात कुणाच्या लक्षातच आली नव्हती. ती माझ्या स्टुलामुळे आली. बांधकाम शाखेने प्रत वित्त शाखेकडे पाठवली, आणि वित्त शाखेतून माझ्या टेबलावर येऊन पडलं: 'लिफ्टचालकाचे पद तात्काळ रद्द का करू नये, याचे समर्थन प्रस्ताव सादर करणाऱ्याने द्यावे. समाधानकारक समर्थन न आल्यास शिष्टमंडळाची भेट आटोपताच पद रद्द समजावे.'

मी धावत वित्ताधिकाऱ्यांकडे गेलो. मृदू गृहस्थ. कुणाचाही गळा कापण्यापूर्वी ते 'वाईट वाटून घेऊ नका' म्हणतात.

"वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले, "पण हे तुमच्यामुळेच उजेडात आलं. खात्याला अशी जागरूक माणसं हवीत."

"अहो, मी फक्त स्टूल मागितलं होतं! मी प्रस्ताव मागे घेतो."

"वाईट वाटून घेऊ नका, पण मागे घ्यायला तो आता तुमच्याकडे कुठाय? माझ्याकडे आहे."

"पण मामांची पेन्शन अगदी टेकलीय हो! पद मधेच गेलं तर ती लटकेल."

"म्हणून तर समर्थन मागवलंय. लिहा ना. माणूस काय करतो ते लिहा."

इथेच तर सगळं अडत होतं. माणूस बटण दाबतो, हे लिहून पद वाचत नाही.

कचेरीत बातमी लिफ्टपेक्षा वेगाने वरखाली होते. संध्याकाळी मी लिफ्टमध्ये शिरलो तेव्हा आत आम्ही दोघंच होतो. मामांनी दार लावलं, पण बटण दाबलं नाही.

"साहेब, मी तुमच्याकडे स्टूल मागितलं होतं?"

"नाही मामा."

"पाय दुखतात म्हणून कधी चकार शब्द काढला?"

"नाही."

"मग माझ्यावर ही मेहेरबानी कशापायी? इतकी वर्षं गपगुमान उभा राहिलो. कुणाच्या डोळ्यांत आलो नाही, हीच तर माझी कमाई. लेकीच्या सासरी विचारतील, काय हो, तुमच्या बापाची नोकरी कशी गेली? काय सांगायचं तिने? उभा होता तोवर टिकला, बसवायला गेले आणि गेला?"

"मामा, मी काहीतरी करतो."

"नको!" मामा दचकून म्हणाले. "तुम्ही काही करू नका, पाया पडतो."

आपल्या मदतीची माणसाने अशी धास्ती घ्यावी, याचं दुःख काय असतं ते ज्याचं त्यालाच कळतं. मी घरी येऊन चहाला नको म्हटलं, यावरून बायकोने प्रकरण गंभीर आहे हे ओळखलं.

आमचे वरच्या मजल्यावरचे शेजारी विमा कंपनीतून निवृत्त झालेत, आणि तेव्हापासून आमचा पेपर वाचायला रोज येतात. मोबदल्यात सल्ला देतात. त्यांनी सगळं ऐकून पेपरची घडी केली.

"सोपं आहे. लिफ्ट बिघडवा."

"काय?"

"बिघडलेली लिफ्ट स्वयंचलित नसते. चालकाचा प्रश्नच मिटला."

"अहो काका, बिघडलेल्या लिफ्टला चालक तरी कशाला लागेल?"

"हा मुद्दा आहे," काका म्हणाले आणि बराच वेळ विचारात गढले. "मग असं करा. लिफ्टमध्ये एकट्याने जायला लोक घाबरतात असं दाखवा. दोनचार जणांना किंचाळायला सांगा. कुणी नसेल तर मी येतो."

आतून बायकोचा आवाज आला, "काका, तुम्ही इथेच किंचाळा. सगळ्या मजल्यांवर ऐकू जाईल."

इकडे मोठे साहेब रोज भेटले की एकच विचारत, "स्टूल आलं का?" मी सांगायला जाई, "साहेब, ते चालकाचं पदच आता..." "ते पद-बिद नंतर. आधी स्टूल." म्हणजे परिस्थिती अशी, की बसणारा राहील की नाही याचा पत्ता नाही, पण आसन हजर पाहिजे. बरं, टायपिस्टबाईंचं स्टूल मागावं, तर तोवर त्यांनी त्याच्यावर कुंडी ठेवली होती आणि मी त्या दिवशी हसलो होतो हे त्या विसरल्या नव्हत्या. शेवटी पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी आमच्या स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल उचललं.

"ते कुठे चाललं?" बायकोने कढईतून मान वर न करता विचारलं.

"एका दिवसापुरतं नेतोय. दोन देशांमधला विषय आहे. उभ्याने काम करणाऱ्यांना..."

"अस्सं! आणि मी सकाळपासून इथे काय लोळत काम करतेय? माझं कलम कुठे आहे तुमच्या त्या मसुद्यात?"

"घरकामावरच्या चर्चेची फेरी पुढच्या वर्षी आहे," मी म्हणालो. हे खरं होतं, पण खरं असलं म्हणून बोलायलाच हवं असं नाही.

"मग पुढच्या वर्षीच्या फेरीपर्यंत वरच्या फळीवरचे डबे तुम्ही काढून द्या."

बस खच्चून भरलेली. कंडक्टर म्हणाला, सामान खाली ठेवा. मी स्टूल खाली ठेवलं मात्र, एक आजीबाई 'देव तुझं भलं करो रे बाबा' म्हणत त्याच्यावर बसल्या. संयुक्त निवेदनातलं ते कलम जगात सर्वांत आधी आमच्या बसमध्ये अमलात आलं, याची कुठे नोंद नाही. माझा थांबा आला. आजीबाईंचा यायचा होता. मी म्हणालो, "आजी, मला उतरायचंय." त्या म्हणाल्या, "उतर की, तुला कोण धरलंय?" मी स्टूल माझं असल्याचं सांगितल्यावर सगळ्या बसने माझ्याकडे असं पाहिलं, की म्हाताऱ्या माणसाच्या खालची जागा ओढून काढणारा हा नराधम श्रम खात्यात नोकरीला आहे हे कुणाला कळू नये अशी मी मनोमन प्रार्थना केली. आजींचा थांबा येईपर्यंत थांबलो आणि तिथून स्टूल डोक्यावर घेऊन मागे चालत आलो.

फाटकावर सुरक्षारक्षकाने अडवलं नाही. त्याने फक्त एवढंच सांगितलं, "आत न्यायला काही लागत नाही साहेब. बाहेर न्यायला लागतं." हे वाक्य मी नीट ऐकायला हवं होतं. स्टूल लिफ्टमध्ये ठेवून मी हात धुऊन येतो तोवर भांडारपाल डबा-ब्रश घेऊन तिथे हजर. आयुष्यभर 'शिल्लक नाही' म्हणणाऱ्या माणसाला आपसूक एक वस्तू शिल्लक सापडली होती. त्याने पांढऱ्या रंगाने स्टुलाच्या पायावर सरकारी क्रमांक घातलासुद्धा.

"अहो, हे माझ्या घरचं आहे!"

"घरचं होतं," भांडारपाल ब्रश पुसत म्हणाला. "आता क्रमांक पडला. आता हे कुणाच्या तरी ताब्यात दाखवावं लागेल. लिफ्टमध्ये आहे म्हणजे मामांच्या ताब्यात. घ्या मामा, इथे सही."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. जाता जाता हेही गळ्यात बांधलंत का, असं ते पाहणं होतं. आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी शिष्टमंडळ आलं. त्यांच्या प्रमुख एक उंच, भरभक्कम बाई होत्या. हातात काठी, चेहऱ्यावर आयुष्यभर कारखान्यांच्या फाटकांवर भाषणं केल्याचा करारीपणा. सोबत एक दुभाषी. बाकीचे सभागृहात थांबले आणि मोठे साहेब बाईंना घेऊन लिफ्टकडे निघाले. वित्ताधिकारी आणि मी मागे. लिफ्टमध्ये मामा ताठ उभे, शेजारी स्टूल. ठरलेलं असं होतं, की बाई आत आल्या की मामांनी बसायचं, दार उघडलं की वरच्या मजल्यावर फोटोग्राफरने फोटो घ्यायचा. आम्ही सगळे आत शिरलो आणि लिफ्टने कर्कश घंटा वाजवायला सुरुवात केली. वजन जास्त झालं होतं.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. बाई पाहुण्या. दुभाष्याशिवाय बाई मुक्या. साहेब साहेब. वित्ताधिकाऱ्यांनी 'वाईट वाटून घेऊ नका'च्या सुरात नुसती मान हलवली. मामा तर प्रदर्शनातली वस्तू, आणि स्टुलाला बाहेर काढणं म्हणजे आंतरराष्ट्रीय करारातून माघार. मी बाहेर पडलो. घंटा थांबली. एवढा सगळा खटाटोप ज्याने केला तोच नेमका जास्तीचा ठरला, हे लिफ्टने चारचौघांत जाहीर करून टाकलं.

मी जिना धरला. माझ्या वयात जिने चढायचे नसतात, आठवायचे असतात. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर फुप्फुसं बाहेर येऊन माझ्या पुढे धावू लागली. मी वर पोचतो आणि लिफ्टचं दार उघडतं, एकच गाठ पडली. आत पाहिलं तर स्टुलावर बाई बसल्या होत्या. काठी गुडघ्यांवर आडवी, चेहऱ्यावर समाधान. मामा कोपऱ्यात नेहमीसारखे उभे. फोटोग्राफरने ठरल्याप्रमाणे फोटो काढला.

बाई तशाच बसून मामांना निरखत होत्या. मग त्या काही बोलल्या. दुभाषी म्हणाला, "मॅडम विचारतात, आमच्याकडे लिफ्टमध्ये माणूस नसतो, लोक आपापलं बटण दाबतात. हे गृहस्थ इथे नेमकं काय काम करतात?"

दोन देशांच्या मधे एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. वित्ताधिकाऱ्यांनी भुवया उंचावल्या. हेच तर त्यांनीही विचारलं होतं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मामांनीही पाहिलं. त्यांच्या तोंडाशी आलेली पेन्शन, लेकीचं सासर, सगळं त्या नजरेत होतं. समर्थनासाठी मी जी काही भारदस्त वाक्यं जमवली होती, जनसंपर्क, सुरक्षितता, मानवी स्पर्श, ती सगळी जिन्यावर सांडली होती. श्वास पुरत नव्हता. डोळ्यांसमोर एकच वस्तू दिसत होती.

"ते..." मी म्हणालो, "स्टूल... सांभाळतात."

दुभाष्याने ते इमानेइतबारे पोचवलं. थोडं लांबवलंही असावं, कारण त्याला माझ्यापेक्षा बराच जास्त वेळ लागला. बाईंचे डोळे चमकले. त्यांनी वाकून स्टुलाच्या पायावरचा पांढरा क्रमांक पाहिला, मामांना काही विचारलं. "मॅडम विचारतात, हे खरोखर तुमच्या ताब्यात आहे?"

"सही केलीय ना," मामा म्हणाले.

बाई उठल्या आणि त्यांनी मामांचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. कामगारांना बसायची सोय करणारे देश त्यांनी पुष्कळ पाहिले होते म्हणे. पण बसण्याची साधनं सांभाळण्यासाठी स्वतंत्र कर्मचारी नेमणारा देश त्या पहिल्यांदाच पाहत होत्या. मोठे साहेब लगेच म्हणाले की हा आमच्या धोरणाचा पायाच आहे. धोरण कुठलं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, पण आवाजात कंप नव्हता. यालाच मोठे साहेब म्हणतात.

दुपारी निवेदनावर सह्या झाल्या. त्यात पाहुण्यांच्या आग्रहाने एक वाक्य वाढवलं होतं: यजमान देशात आसनव्यवस्थेच्या देखभालीसाठी नेमलेल्या स्वतंत्र कर्मचाऱ्याच्या पद्धतीची दोन्ही देश प्रशंसा करतात. वित्ताधिकाऱ्यांनी ते वाक्य दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका, पण दोन देशांनी प्रशंसा केलेलं पद मला रद्द करता येणार नाही. निवृत्त होईपर्यंत राहू द्या त्यांना."

"मला मुळीच वाईट वाटलं नाही," मी म्हणालो. बऱ्याच दिवसांनी त्यांच्यासमोर हे खरं बोललो.

सगळे पांगल्यावर मी लिफ्टपाशी गेलो. दार उघडलं. मामा उभे होते. शेजारच्या स्टुलावर साहेबांच्या हुकमाने एक कार्ड चिकटवलेलं होतं: 'कृपया बसू नये.' परदेशी पाहुण्या बसल्यामुळे ते आता जतन करण्याच्या वस्तूंत गेलं होतं.

"मामा, नोकरी राहिली. पेन्शनही मिळणार तुम्हाला."

मामांनी डोळे मिटून घेतले. मग खिशातून रुमाल काढून नाक शिंकरलं. "लेकीला आज फोन करतो," ते म्हणाले. "आणि ते दोन देशांचं काय ठरलं, साहेब?"

"दिवसभर उभ्याने काम करणाऱ्याला बसायचा हक्क आहे, असं ठरलं."

मामांनी एकवार स्टुलाकडे पाहिलं, एकवार कार्डाकडे. गुडघा किंचित वाकवला आणि मला विचारलं, "म्हणजे आता बसू?"

मी आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं. तरीही आवाज खाली आणून म्हणालो, "मामा, तुम्ही त्याच्यावर बसलात, की मग ते सांभाळतंय कोण, असा शेरा येईल."

मामांनी गुडघा सरळ केला. फडक्याने स्टुलावरची नसलेली धूळ झटकली.

"राहू द्या मग," ते म्हणाले. "कितवा मजला?"

"तळमजला," मी सांगितलं आणि मामांनी बटण दाबलं. लिफ्ट खाली निघाली. आत आम्ही दोघं उभे, आणि मधोमध स्टूल तेवढं ऐसपैस बसलेलं.